आवाज बदलत गेला, व्यवहार नाही

'वेटिंग रूम' हे फुगाझीचं सगळ्यांत जास्त ऐकलं गेलेलं गाणं. ते एकट्या बेस गिटारनं सुरू होतं. एकच छोटा तुकडा, गोल फिरणारा, रेगेचा डौल अंगात मुरलेला. पाठोपाठ गिटार आणि ड्रम्स येतात, ठेका जमतो, ऐकणाऱ्याची मान डोलू लागते, आणि वीस-बावीस सेकंदांच्या आसपास सगळं एकदम थांबतं. तीन-चार सेकंद काहीच नाही. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, रेकॉर्डमध्येच काही बिघाड आहे. मग तुटला होता तिथूनच ठेका पुन्हा उचलला जातो, आणि तोवर ऐकणारा त्या गाण्याचा झालेला असतो.

हे गाणं १९८८ साली ध्वनिमुद्रित झालं. ज्या संगीतातून हा बँड आला, त्यात असं थांबायला जागाच नव्हती. हार्डकोर म्हणजे १९८० च्या आगेमागे अमेरिकेतल्या शहरांत, विशीही न गाठलेल्या पोरांनी पंक संगीताला दिलेला वेग. मिनिट-दीड मिनिटाची गाणी, दोन-तीन कॉर्ड, ओरडून म्हटलेले शब्द आणि संपेपर्यंत एकच गती. रागाला तो वेग शोभतो. पण रागाशिवाय दुसरं काही सांगायचं झालं की तो अपुरा पडू लागतो. त्यातला जोर न गमावता थांबणं, वळणं घेणं, कुजबुजणं, नाचायला लावणं अशी जी वाट पुढे निघाली, तिला पोस्ट-हार्डकोर म्हणतात. त्या वाटेवर पुष्कळ जण चालले. फुगाझीइतकं लांब आणि सलग कोणी चालल्याचं मला तरी माहीत नाही.

वॉशिंग्टन डी.सी.चा हा बँड १९८७ ते २००२ अशी पंधरा वर्षं वाजत राहिला. इयन मॅकाय, गी पिचिओटो, जो लॅली आणि ब्रेंडन कँटी ही चौकडी एकदा जमली ती शेवटपर्यंत फुटली नाही. सहा अल्बम, काही छोट्या ध्वनिमुद्रिका आणि हजाराहून अधिक जाहीर कार्यक्रम एवढा त्यांच्या कामाचा पसारा. या काळात त्यांचा आवाज इतका बदलला की पहिली आणि शेवटची ध्वनिमुद्रिका पाठोपाठ ऐकली, तर हे तेच चौघे आहेत यावर चटकन विश्वास बसत नाही. मात्र तिकीट किती ठेवायचं, कुठे वाजवायचं, रेकॉर्ड कोण काढणार, पैसे कसे वाटायचे या बाबतींत ते पहिल्या वर्षी जिथे होते, जवळपास तिथेच शेवटच्या वर्षी होते.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध आहे, हा या पुस्तकाचा विषय आहे. फुगाझीवर लिहिणारे बहुतेक जण एक तर त्यांच्या तत्त्वनिष्ठेविषयी लिहितात किंवा त्यांच्या संगीताविषयी. जणू ती दोन वेगळी खाती आहेत. मला ती एकाच वहीतली वाटतात. त्यांना आवाज बदलत नेता आला, कारण त्यांनी व्यवहार बदलू दिला नाही. ज्याचा खर्च कमी आणि ज्याच्यावर देणं कुणाचं नाही, त्याला पुढचं पाऊल कुठे टाकायचं हे कुणाला विचारावं लागत नाही. हे म्हणणं पुढच्या प्रकरणांत सविस्तर येईल. इथे त्याची पार्श्वभूमी तेवढी सांगतो.

सुरुवात शहरापासून करायला हवी. वॉशिंग्टन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे व्हाइट हाउस आणि संसद येते. पण तिथे राहणाऱ्या माणसांचं एक वेगळं वॉशिंग्टन आहे. तेव्हा तिथली बहुसंख्य वस्ती कृष्णवर्णीयांची होती. १९६८ च्या दंगलींत जळालेले रस्ते कैक वर्षं तसेच पडून होते. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस क्रॅक कोकेन आणि बंदुका यांनी शहराला ग्रासलं आणि देशाची खुनांची राजधानी असं नाव त्याला पडलं. संगीताचा व्यवसाय न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसमध्ये होता. इथे मोठी रेकॉर्ड कंपनी नव्हती की टॅलेंट हेरणारे दलाल नव्हते. म्हणूनच इथल्या पोरांना कुणाची वाट पाहायची सवय लागली नाही. शहराचं स्वतःचं असं नाचाचं संगीत होतं, चक ब्राउन आणि ट्रबल फंक यांचं गो-गो: न तुटणारा, तासन्‌तास चालणारा ठेका. आणि बॅड ब्रेन्स होते. हे चौघे कृष्णवर्णीय तरुण विजेच्या वेगानं हार्डकोर वाजवत आणि मध्येच गती उतरवून रेगेत शिरत. फुगाझीच्या संगीतातला बेस कुठून आला याचं निम्मं उत्तर या शहरातच आहे.

मॅकायचं नाव या शहराच्या पंकशी पहिल्यापासून जोडलेलं. टीन आयडल्स हा त्याचा शाळकरी बँड. तो १९८० मध्ये मोडला तेव्हा कार्यक्रमांतून साठवलेले सहाशेच्या आसपास डॉलर पोरांच्या हाती होते. ते वाटून घेण्याऐवजी त्यांनी मोडलेल्या बँडची आठवण म्हणून एक छोटी रेकॉर्ड काढायचं ठरवलं. वेष्टन कसं करतात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी एका इंग्लिश रेकॉर्डचं वेष्टन उलगडून सपाट केलं, त्याची कड कागदावर गिरवली, तशी छपाई करून आणली आणि मित्रमंडळींनी बसून ती हातानं कापली, दुमडली, चिकटवली. पहिली आवृत्ती हजार प्रतींची. त्यातून डिस्कॉर्ड रेकॉर्ड्स उभी राहिली. मॅकाय आणि ड्रमर जेफ नेल्सन यांची ही संस्था आजही आहे. ती आपल्या शहरातल्या बँडच्या रेकॉर्ड काढते, लेखी करार करत नाही आणि खर्च वजा जाता उरेल त्यात बँडला वाटा देते.

पुढचा बँड मायनर थ्रेट. १९८० ते १९८३ या तीन वर्षांत त्यानं अमेरिकन हार्डकोरचा नमुना घालून दिला. दारू, सिगरेट, अमली पदार्थ यांपासून स्वतःहून दूर राहण्याविषयीचं त्यांचं 'स्ट्रेट एज' हे गाणं पाऊण मिनिटाचं. त्याच्या नावावर जगभर एक पंथ उभा राहिला. मॅकायला तो पंथ नको होता. आपण स्वतःपुरतं म्हटलेलं लोकांनी नियम करून टाकलं, हे त्याला पटलं नाही. त्याहून मोठी अडचण प्रेक्षागृहातली होती. गाणी जशी लोकप्रिय झाली, तसे रंगमंचासमोर हाणामारी करायला येणारे वाढले. कृश अंगाची मुलं, बहुतेक मुली, हळूहळू मागच्या भिंतीकडे सरकल्या आणि मग यायच्याच थांबल्या.

१९८५ च्या उन्हाळ्यात डी.सी.च्या पंक मंडळींनी ठरवून नवी सुरुवात केली. 'रेव्होल्यूशन समर' या नावानं तो उन्हाळा ओळखला जातो. जुन्या बँडमधली माणसं नव्या बँडमध्ये आली. हाणामारीला जागा ठेवायची नाही, गती कमी करायला घाबरायचं नाही, मनातलं बोलायचं, असा सूर लागला. त्यातला सर्वांत विलक्षण बँड राइट्स ऑफ स्प्रिंग. त्यात पिचिओटो गात होता आणि कँटी ड्रम्सवर होता. त्यांनी मोजकेच कार्यक्रम केले, एक अल्बम काढला आणि ते थांबले. पण गळा आणि वाद्य दोन्ही फुटेस्तोवर वाजवणारा तो बँड ज्यांनी पाहिला, त्यांना तो विसरता आला नाही. त्या अल्बमचं ध्वनिमुद्रण मॅकायच्या देखरेखीखाली झालं होतं. त्याच वर्षी मार्क अँडरसन आणि इतरांनी उभ्या केलेल्या पॉझिटिव्ह फोर्स या गटानं पंकचे कार्यक्रम बेघरांसाठीचे निवारे, मोफत दवाखाने, निदर्शनं यांच्याशी जोडायला सुरुवात केली. फुगाझीचं सार्वजनिक वागणं समजून घ्यायचं, तर हा उन्हाळा समजून घ्यायला हवा. पहिलं प्रकरण त्यावरच आहे.

फुगाझीचा पहिला कार्यक्रम ३ सप्टेंबर १९८७ रोजी शहरातल्या विल्सन सेंटरमध्ये झाला. तेव्हा तिघेच होते. पिचिओटो आधी श्रोता, मग मागे उभा राहून सूर देणारा, आणि बघता बघता दुसरा गायक झाला. पहिल्या दोन ध्वनिमुद्रिकांत त्याच्या हाती गिटार नाही. हिप-हॉपमध्ये मुख्य गायकाच्या ओळी झेलणारा, तोडणारा, पुढे ढकलणारा साथीदार असतो, तसं काम तो करत असे. मोकळ्या हातापायांनी तो रंगमंचावर काय करी याचा एक तुकडा चित्रित होऊन राहिला आहे. १९८८ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका व्यायामशाळेत कार्यक्रम होता. 'ग्लू मॅन' हे नशेच्या गर्तेतल्या माणसाचं गाणं चालू असताना तो बास्केटबॉलच्या कड्यावर चढतो, त्यातून स्वतःला आत घालतो आणि उलटा लोंबकळत गाऊ लागतो. खाली बाकीचे तिघे त्याच्याकडे न बघता ठेका धरून असतात. एकानं तोल सोडायचा आणि बाकीच्यांनी जमीन धरून ठेवायची, ही त्यांच्या संगीताची रचनाच होती.

आता व्यवहार. प्रवेश पाच डॉलर. कधीमधी त्यात एखाद्या डॉलरची भर पडली, एवढंच. वयाची अट नाही, म्हणजे ज्या बारमध्ये अल्पवयीनांना मज्जाव असे ती जागा बाद. त्यामुळे चर्चची सभागृहं, शाळांच्या व्यायामशाळा, स्केटिंगची मैदानं, कामगारांचे हॉल शोधावे लागत. मॅनेजर नाही; कार्यक्रम मॅकाय स्वतः फोन करून ठरवी. टी-शर्ट, बिल्ले, पोस्टर काहीच विकायचं नाही. रेकॉर्डच्या वेष्टनावरच टपालखर्चासह किंमत छापलेली, म्हणजे दुकानदाराला ती मनमानी वाढवता येऊ नये. सिगरेट-दारूच्या जाहिराती छापणाऱ्या बड्या मासिकांना मुलाखत द्यायची नाही. आपल्या शहरातले कार्यक्रम एक तर मोफत, नाही तर कुठल्या तरी संस्थेच्या मदतीसाठी, नाही तर निदर्शनाचा भाग म्हणून. १९९१ च्या जानेवारीत, आखाती युद्धाला तोंड फुटण्याच्या काही दिवस आधी, त्यांनी व्हाइट हाउससमोरच्या लाफायेत पार्कमध्ये कडाक्याच्या थंडीत वाजवलं. लॉर्टनच्या तुरुंगात कैद्यांपुढे जाऊन वाजवलं.

ही यादी वाचून पुष्कळांना हे चौघे संन्याशी वाटतात. ती समजूत आधी बाजूला ठेवायला हवी. या नियमांमागे साधं गणित आहे. पाच डॉलरनं हजार माणसं आली तर पाच हजार डॉलर होतात. मॅनेजर, दलाल, दिव्यांची रोषणाई, आलिशान बस यांचा खर्चच नसेल, तर चौघांना आणि दोन-तीन सहकाऱ्यांना त्यात नीट जगता येतं. व्हॅननं फिरायचं, ओळखीपाळखीच्या घरी मुक्काम करायचा, आणि पुढचा अल्बम फसला तरी कुणाची आगाऊ रक्कम फेडायची नाही. तिकीट स्वस्त असलं की श्रोताही मोकळा होतो. पाच डॉलर देऊन आलेला माणूस आवडतं गाणं वाजलं नाही म्हणून फसवलं गेल्यासारखा वागत नाही. आणि बँडला त्याला न ऐकलेलं काही ऐकवता येतं.

हेच गणित हाणामारीच्या बाबतीत उपयोगी पडलं. समोर कुणी धक्काबुक्की करू लागला, की बँड गाणं मध्येच थांबवी. मॅकाय त्या माणसाला 'सर' म्हणून हाक मारी, शांतपणे समज देई, आणि ऐकलं नाहीच तर पाच डॉलरचं पाकीट हातात देऊन बाहेर जायला सांगे. हिशेब मिटला, आता तुम्ही निघा. पन्नास डॉलरच्या तिकिटाला असं करणं जमलं असतं का? मागच्या भिंतीकडे सरकलेल्या मुली पुढे याव्यात म्हणून ही खटपट होती. 'सजेशन' हे त्यांचं सुरुवातीचं गाणं रस्त्यावरून चालणाऱ्या बाईला ज्या नजरा आणि हात सोसावे लागतात त्याबद्दलचं, तिच्याच तोंडून म्हटलेलं आहे. ते गाणं म्हणायचं आणि समोर मुलींना उभं राहता येऊ नये, हे त्यांना चालणार नव्हतं.

आता आवाज. पहिल्या दोन छोट्या ध्वनिमुद्रिका १९८८-८९ मधल्या. एक आर्लिंग्टनच्या इनर इअर स्टुडिओत डॉन झिएंटारा आणि टेड नाइसली यांच्याबरोबर केलेली, दुसरी लंडनमध्ये जॉन लोडरच्या सदर्न स्टुडिओत. दोन्ही मिळून '१३ साँग्ज' या नावानं उपलब्ध आहेत. इथे बेस राजा आहे. लॅलीचे तुकडे छोटे आणि घोटीव, रेगे-डबच्या वळणाचे. कँटी त्यांच्याभोवती ड्रम्स रचतो. मॅकायची गिटार मध्ये मध्ये घाव घालते. गाणी घोषणेसारखी सरळ आहेत आणि सगळी गर्दी एका सुरात म्हणू शकेल अशी.

'रीपीटर' हा पहिला पूर्ण अल्बम, १९९० चा. पिचिओटोनं गिटार हाती घेतली आणि सगळं बदललं. मॅकायची गिब्सन एसजी जाड, भरीव आवाजाची. पिचिओटोची रिकनबॅकर पातळ, किरटी, काचेवर नख ओढल्यासारखी. दोघे एकच सूर वाजवून आवाज मोठा करत नाहीत. एक जण धरतो, दुसरा ओरबाडतो. एक जण जागा सोडतो, दुसरा ती भरतो किंवा मुद्दाम रिकामी ठेवतो. शीर्षकगीतात शहरातल्या रस्त्यांवरचे मृत्यू आहेत, रोजच्या बातमीत आकडा होऊन गेलेले. 'मर्चंडाइज' आणि 'ब्लूप्रिंट' ही गाणी वस्तूंच्या हव्यासावरची. 'शट द डोअर' हे अमली पदार्थांनी गेलेल्या व्यक्तीविषयीचं शेवटचं गाणं. कार्यक्रमात ते लांबत जाई आणि त्याचा शेवट कसा होणार हे वाजवणाऱ्यांनाही आधी ठाऊक नसे.

१९९१ चा 'स्टेडी डाएट ऑफ नथिंग' चौघांनी स्वतःच्या देखरेखीत केला. आवाज कोरडा आहे, खोली लहान वाटते. कित्येकांना तो त्यांचा सगळ्यांत रुक्ष अल्बम वाटतो. स्वतःच्या शरीरावरच्या हक्काचं 'रीक्लमेशन' आणि सर्वोच्च न्यायालयातून निवृत्त झालेल्या न्यायमूर्ती ब्रेनन यांना उद्देशून लिहिलेलं 'डिअर जस्टिस लेटर' ही गाणी त्यातली. त्या वर्षीच्या अमेरिकेतला घुसमटलेपणा मला त्या कोरड्या आवाजात नेमका ऐकू येतो.

त्याच वर्षाच्या सप्टेंबरात निर्वाणा या बँडचा 'नेव्हरमाइंड' हा अल्बम आला आणि बाजाराचं लक्ष या आडवाटेच्या संगीताकडे वळलं. मोठ्या कंपन्या करार घेऊन फिरू लागल्या. डिस्कॉर्डवरचे जॉबॉक्स आणि शडर टू थिंक हे बँड मोठ्या कंपन्यांकडे गेले. फुगाझीला भेटायला अटलांटिक रेकॉर्ड्सचे संस्थापक अहमेट अर्टेगुन स्वतः रंगमंचामागे आले. रे चार्ल्सच्या रेकॉर्ड काढलेला माणूस. त्याच्याविषयी या चौघांना आदर होता. त्यांनी गप्पा मारल्या आणि नकार दिला. या प्रसंगाची दंतकथा झाली आहे. माझ्या दृष्टीनं त्याहून मोलाचा प्रसंग त्याच सुमाराचा आहे, आणि तो स्टुडिओतला आहे.

१९९२ मध्ये ते शिकागोला ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनीकडे गेले. दोन-चार गाणी करून बघू म्हणून गेले आणि उत्साहाच्या भरात अख्खा अल्बम मुद्रित करून आले. घरी येऊन ऐकलं तेव्हा जमलं नाही असं वाटलं. अल्बिनीलाही तसंच वाटलं. त्यांनी ते सगळं काम बाजूला ठेवलं आणि इनर इअरमध्ये टेड नाइसलीबरोबर तीच गाणी नव्यानं केली. १९९३ चा 'इन ऑन द किल टेकर' तो हा. कंपनीच्या पैशावर, ठरलेल्या तारखेला अल्बम द्यायचा असता, तर पहिलंच ध्वनिमुद्रण बाजारात गेलं असतं. नको ते बाजूला ठेवून पुन्हा करायची मुभा त्यांच्या स्वस्त जगण्यानं त्यांना मिळवून दिली. अल्बम कर्कश आहे, कडेलोटाच्या टोकावर उभा आहे. '२३ बीट्स ऑफ' हे गाणं संपता संपता शब्द सोडून देतं आणि नुसत्या फीडबॅकच्या गुंजारवात विरघळत राहतं. असा मोठा आवाज करणारा बँड पुढच्या अल्बममध्ये त्याहून मोठा आवाज करील, ही सगळ्यांची अपेक्षा होती.

त्यांनी उलट केलं. १९९५ चा 'रेड मेडिसिन' घरगुती टेपरेकॉर्डरच्या खरखराटातून उघडतो. स्टुडिओ आता नुसतं गाणं टिपायचं ठिकाण राहिला नाही, तोही एक वाद्य झाला. आवाज दूर नेणं, जवळ आणणं, मध्येच कापणं, प्रतिध्वनी वाढवून सूर ताणणं ही डबची कारागिरी आता गाण्याच्या पोटात शिरली. 'व्हर्जन' या शब्दांविना असलेल्या तुकड्यात पिचिओटो क्लॅरिनेट वाजवतो. 'टार्गेट'मध्ये आपल्याच गिटारच्या आवाजाचं बाजारात चलन झाल्याची चीड आहे. ज्या वर्षी त्यांच्यासारखा आवाज करून लोक श्रीमंत होत होते, त्याच वर्षी त्यांनी तो आवाज सोडला. माझ्या मते फुगाझीचा खरा कस या अल्बमला लागला.

'एंड हिट्स' १९९८ चा. नाव ऐकून बँड थांबणार अशी आवई उठली होती. 'क्लोज्ड कॅप्शन्ड' आणि 'फ्लोटिंग बॉय' यांत गाणं पुढे सरकण्याऐवजी जागच्या जागी खोल जातं. 'अर्पेजिएटर'मध्ये तेच सूर जिन्यासारखे चढतात-उतरतात. अल्बम एकसंध नाही, पण शोधक आहे. २००१ च्या ऑक्टोबरात 'द आर्ग्युमेंट' आला, आणि आधीच्या चौदा वर्षांत जमवलेलं सगळं एका जागी आलं. चेलो आहे, पियानो आहे, पाहुण्या गायिकांचे आवाज आहेत, जेरी बशर हा दुसरा ड्रमर आहे. 'कॅशआउट' हे घरातून काढल्या जाणाऱ्या भाडेकरूंचं गाणं आहे. त्यात आरडाओरडा जवळजवळ नाही. शहराच्या जुन्या वस्त्या बिल्डरांच्या हाती जाताना सामान रस्त्यावर येतं, ते मॅकाय बोलल्यासारखं सांगतो, आणि गिटार शेवटी शेवटी आवाज चढवते. शीर्षकगीत युद्धाच्या बाजूनं केल्या जाणाऱ्या युक्तिवादालाच नकार देतं. अल्बमचं ध्वनिमुद्रण ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांआधीचं. तो बाजारात आला तेव्हा अफगाणिस्तानवर बाँब पडू लागले होते.

स्टुडिओतल्या या प्रवासाइतकाच महत्त्वाचा आहे तो रंगमंच. कार्यक्रमात गाण्यांची यादी लिहिलेली नसे. एक गाणं संपत आलं की कुणीतरी पुढच्याचा इशारा देई: ड्रमचा एक ठोका, गिटारचा एक सूर, नाही तर नुसती नजर. बाकीच्या तिघांनी तो झेलायचा. त्यासाठी शंभराच्या आसपास गाणी कायम हाताशी असावी लागत आणि कान सदैव एकमेकांकडे. आपल्याकडे सवालजवाब ऐकत वाढलेल्या श्रोत्याला यातली गंमत चटकन कळेल. पुढच्या अल्बममधली वळणं आधी अशाच रात्री, गाण्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत सापडलेली आहेत.

हे आज आपल्याला तपासून पाहता येतं, कारण बँडच्या ध्वनियोजकानं कार्यक्रम मुद्रित करून ठेवले. २०११ पासून बँडनं ते खुले केले. आठशेहून अधिक कार्यक्रम मुद्रित स्वरूपात आहेत. किंमत सुचवली आहे ती पुन्हा पाच डॉलर, आणि ऐकणाऱ्याला आपल्या ऐपतीप्रमाणे कमी-जास्त देता येते. चुकलेले सूर, तुटलेल्या तारा, श्रोत्यांशी झालेले वाद सगळं त्यात आहे. जेम कोहेन या मित्रानं दहा वर्षांहून अधिक काळ केलेलं चित्रण 'इन्स्ट्रुमेंट' या १९९९ च्या माहितीपटात आहे. त्यात गाण्यांबरोबर रांगेत उभ्या असलेल्या श्रोत्यांचे चेहरेही आहेत. या पुस्तकासाठी हे दोन्ही माझे मुख्य आधार आहेत.

४ नोव्हेंबर २००२ रोजी लंडनच्या फोरममध्ये त्यांनी शेवटचा कार्यक्रम केला. मुलं झाली होती, आईवडील थकले होते, फिरणं अवघड झालं होतं. त्यांनी निरोप समारंभ केला नाही आणि बँड संपला असंही जाहीर केलं नाही. फक्त थांबले. पुन्हा एकत्र येण्यासाठी मोठमोठ्या रकमांचे देकार देण्याची पद्धत नंतर सगळीकडे रुळली. हे चौघे त्या वाटेला गेले नाहीत. वाजवणं मात्र कुणी सोडलं नाही. मॅकायनं एमी फरिनाबरोबर 'द इव्हन्स' हा दोघांचा हळुवार बँड केला, आणि पुढे लॅलीलाही सोबत घेऊन 'कोरिकी'. लॅली आणि कँटी यांनी गिटारवादक अँथनी पिरॉगबरोबर 'द मेसथेटिक्स'मध्ये जॅझच्या अंगानं वाट काढली. पिचिओटो इतरांच्या ध्वनिमुद्रणात रमला.

फुगाझीवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: त्यांनी नकारांचंच भांडवल केलं, इतर बँडना अपराधी वाटायला लावलं. तो उडवून लावण्याजोगा नाही. ज्यांच्या घरी पैशाची चणचण होती, ज्यांच्या शहरात डिस्कॉर्डसारखी संस्था नव्हती, त्यांना पाच डॉलरचं तिकीट परवडलंच असतं असं नाही. मॅकायला हे ठाऊक होतं. आपण करतो तो सर्वांसाठी नियम आहे असं त्यानं फुगाझीत कधी म्हटलं नाही. मायनर थ्रेटच्या पाऊण मिनिटाच्या गाण्यानं त्याला तेवढा धडा दिला होता. आठवं प्रकरण या आक्षेपाला दिलं आहे, आणि त्यात आक्षेप घेणाऱ्यांची बाजू मी पूर्ण मांडली आहे.

मराठीत या संगीताविषयी फार थोडं लिहिलं गेलं आहे, म्हणून वाचकाला रॉक संगीताची ओळख आहे असं मी गृहीत धरलेलं नाही. मधली प्रकरणं अल्बमच्या क्रमानं आहेत. त्यांतल्या प्रत्येक प्रकरणाआधी तो अल्बम एकदा पूर्ण ऐकावा, आणि वाचून झाल्यावर त्याच वर्षीचा एखादा मुद्रित कार्यक्रम ऐकावा. शब्द कळले नाहीत तरी सुरुवातीला अडू नये. आधी बेस ऐकावा, मग दोन गिटारी कोणत्या बाजूला काय करतात ते. 'रेड मेडिसिन' पहिल्या ऐकण्यात हाती लागत नाही. त्याला वेळ द्यावा.

या चौघांची भक्ती वाढावी म्हणून मी हे लिहिलेलं नाही. आज गाणं करणाऱ्या, नाटक बसवणाऱ्या, मासिक काढणाऱ्या तरुणांना कुणी ना कुणी रोज सांगत असतं की मोठं व्हायचं तर अमुक माध्यम, अमुक प्रायोजक, अमुक आकडा लागतोच. फुगाझीनं पंधरा वर्षं त्याविना काम केलं, लाखो रेकॉर्ड विकल्या, जगभर वाजवलं, आणि दर दोन-तीन वर्षांनी आपलंच जुनं काम मागे टाकलं. ते त्यांना कसं साधलं, त्यासाठी काय सोडावं लागलं आणि कुठे कुठे साधलं नाही, याचा हिशेब पुढच्या पानांत मांडला आहे. तो जसाच्या तसा कुणाच्या कामी येणार नाही. आपापला हिशेब मांडायला बसणाऱ्याला त्याचा आधार व्हावा एवढी माझी इच्छा आहे.